स्क्रिप्टमधल्या एकेचाळीस चुका

गेल्या महिन्यात माझ्या पहिल्या फीचरची, म्हणजे पूर्ण लांबीच्या सिनेमाची, स्क्रिप्ट मुंबईतल्या एका प्रॉडक्शन हाऊसकडून वाचून परत आली. एकशे आठ पानं. वाचणाऱ्यानं मनापासून वाचलेली होती हे आधी सांगतो, कारण बऱ्याच ठिकाणी पंधराव्या पानाच्या पुढं कोण जातच नाही. गोष्ट आवडली, मधला भाग ढिला पडलाय, शेवट लांबलाय, अशा नोट्स होत्या आणि त्या बरोबरच होत्या. पण सगळ्यात खाली एक ओळ होती, 'टायपिंग मिस्टेक्स खूप आहेत, नायिकेचं क्रियापद सगळीकडे पुल्लिंगी झालंय, प्लीज चेक करा.' आणि फाईल उघडून बघतो तर खरंच एकेक 'आलो', 'करतो', 'बसलो' लाल करून ठेवलेला. बसून मोजले. एकेचाळीस.

त्या चुका नव्हत्या. माझी नायिका कागल तालुक्यातली आहे आणि आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात. मी पण अशीच बोलतो. वरचं 'सांगतो', 'बघतो' वाचून तुम्ही लिहिणारा कोणीतरी पुरुष आहे असं धरलं असेल तर तसं नाही, मी बाई आहे, चौतीस वर्षांची, आणि ही पोस्ट मी घरात जशी बोलतो तशीच लिहिणार आहे. पहिल्यांदाच लिहितोय असं. आजपर्यंत इथं जे काय टाकलं ते सगळं 'गेले', 'आले'मध्ये होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोल्हापूर भागात बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी जेवतो', 'मी दमलो' म्हणते. फक्त 'मी'च्या बाबतीत. 'ती आली'च असते आणि 'तू आलीस'च असतं. आज्जी विचारायची, "कवा आलीस गं?" आणि मी म्हणायचो, "आत्ताच आलो की." बाहेरच्यांना वाटतं ह्या बायका पुरुषांसारख्या बोलतात, रांगड्या आहेत वगैरे. मला तसं कधीच वाटलं नाही. आमच्या कानाला 'आलो' हे पुरुषाचं वाटतच नाही, ते फक्त 'मी'चं वाटतं. गावातनं गाडीवर निघालं की अर्ध्या-पाऊण तासात निपाणी, म्हणजे कर्नाटक, आणि तिथं कन्नडमध्ये बाई असो की बाप्या, दोघंही 'नानु बंदे'च म्हणतात, मी आलो आणि मी आले ह्यात फरकच नाही. लहानपणी बाजाराला जायचो तेव्हा हे कानावर पडायचं, पण त्याचा विचार करायला सिनेमा लिहायची वेळ यावी लागली.

मेसेज करून बरेच जण विचारतात की सिनेमात लिहायला कशी लागलीस, काय कोर्स केलास, कुणाला ओळखत होतीस. कुणालाच ओळखत नव्हतो. वडील साखर कारखान्यात सीझनल क्लार्क, म्हणजे गाळप चालू तोवर पगार, घरात दोन म्हशी, आणि घरात पुस्तक म्हणजे शाळेचं तेवढंच. सातवीत असताना शाळेनं नाटकाला नेलं, कोल्हापूरला, केशवराव भोसले नाट्यगृहात. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ मध्ये उघडलं तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच की स्टेजवरचा माणूस बोलता बोलता थांबला आणि त्याच्याबरोबर शेवटच्या रांगेपर्यंत सगळं थेटर गप्प झालं. पुढं काय बोलणार हे कोणीतरी आधी लिहून ठेवलंय आणि कुठं थांबायचं हे पण लिहून ठेवलंय, हे बाईंनी परत येताना एसटीत सांगितलं, आणि मला ते लिहिणारं माणूस व्हावंसं वाटायला लागलं. स्टेजवर जावंसं तेव्हाही वाटलं नाही, आजही नाही वाटत.

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री ते नाट्यगृह जळालं. ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या संगीत नाटकातल्या केशवरावांची दुसऱ्या दिवशी जयंती होती. मी तेव्हा मुंबईत एका मालिकेचा एपिसोड लिहीत बसलेलो, मैत्रिणीनं व्हिडिओ पाठवला, छप्पर पेटलेलं, खाली माणसं नुसती उभी. किती वेळ बघत बसलो ते आठवत नाही. मग एपिसोड पुरा केला कारण सकाळी सातची शिफ्ट होती आणि कलाकारांच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. त्या एपिसोडमध्ये मी काय लिहिलं ह्यातली एक ओळही आता सांगता येणार नाही.

कोल्हापूरला खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. कॉलेजला जाताना रोज त्याच्यावरनं जायचो, आणि हे काय आहे हे बरीच वर्षं विचारलं पण नाही. बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात १९१८ च्या आसपास स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्यांनी पुढं १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि त्याच स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे पुण्यात जाऊन सिनेमा शिकायचा तर तो सिनेमा तिथं गेलाय आमच्याच गावातनं. मी तिथं शिकलेलो नाही, पण लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हच्या, म्हणजे जुने सिनेमे जपणाऱ्या सरकारी संग्रहालयाच्या थिएटरात जे काय दाखवतील ते बघायला जायचो, बऱ्याचदा एकटीच जायचो, सबटायटल वाचत वाचत, इराणी, जपानी, बंगाली. तेव्हा एक गोष्ट कधी डोक्यात आली नाही. खाली जे इंग्लिश वाचतोय त्यात त्या माणसांच्या बोलण्यातलं किती गळून पडलं असेल, हा प्रश्न मला स्वतःचं बोलणं इंग्लिशमध्ये घालायची वेळ आल्यावर पडला.

पुण्यात हॉस्टेलला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसच्या लाईनमध्ये मी म्हणालो, "थांबा, मी ताट घेतो," आणि मागच्या दोघी हसल्या. वाईट नव्हत्या, पुढं त्यांच्यातलीच एक माझी जवळची मैत्रीण झाली. पण त्या दिवसापासून मी बोलायच्या आधी मनात वाक्य फिरवून बघायला लागलो. घेतो, नाही, घेते. जातो, नाही, जाते. दोन महिन्यांत जमलं. दिवाळीला घरी आलो आणि आईला म्हणालो, "मी आले गं," तर आईनं वर बघितलं, काही बोलली नाही, फक्त बघितलं. ती नजर माझ्या सगळ्या लिखाणाच्या मुळाशी आहे असं मला आता वाटतं, तेव्हा नुसतं ओशाळल्यासारखं झालं होतं.

कॉलेजात एकांकिका लिहिली. पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, भरत नाट्य मंदिरात आमचा प्रयोग झाला, आणि ज्यांनी पुरुषोत्तम केलंय त्यांना सांगायला नको की ते दिवस कसे असतात, रात्रभर तालमी, वडापाव, भांडणं, विंगेत उभं राहून ओठांवर सगळ्यांचे संवाद. एकांकिका होती गावातल्या चार बायकांची, विहिरीच्या वादावरची. चारही बायका कागलकडच्या. आणि चारही बायका 'मी जाते गं बाई', 'मी सांगते ना तुला' असं बोलत होत्या. माझ्या आईनं, आज्जीनं, काकीनं जन्मात जे वाक्य उच्चारलं नाही ते मी त्यांच्या तोंडात घातलं होतं, 'न्हाई', 'व्हय', 'कवा' वरनं शिंपडून. कुणाला खटकलं नाही. मला पण नाही. कुणी लाल करायच्या आधीच मी सगळं दुरुस्त करून ठेवलं होतं.

मग मालिका. सिनेमा लिहायचाय आणि घर चालवायचंय अशा मराठी लेखकाच्या नशिबात बहुतेक वेळा मालिकाच येते, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, कारण तिथं जे शिकलो ते कुठल्या वर्गात शिकलो नसतो. मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे. मी संवाद. रात्री नऊला पटकथा मेलवर येणार, त्यात लिहिलेलं असणार 'सासू आणि सून ह्यांच्यात वाद, सुनेला सत्य कळतं', बास, आणि त्याचा चार पानांचा सीन रात्री दोनपर्यंत व्हायला पाहिजे कारण बँक संपलेली, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड संपलेले, आणि सकाळी त्याच सीननं शिफ्ट लागणार. असं चार वर्षं. सीनमध्ये उशिरा शिरायचं आणि लवकर निघायचं हे तिथं कळलं. कुठल्या ॲक्टरला लांब वाक्य झेपतं आणि कुणाचा श्वास कुठं तुटतो हे ऐकून ऐकून लिहिताना आपोआप लक्षात यायला लागलं. पैसे एपिसोडवर, आणि ते तीन-तीन महिन्यांनी हातात.

एकदा मालिकेत कोल्हापूरची मावशी आली. मला फार आनंद झाला. तिच्या पहिल्याच सीनमध्ये मी लिहिलं, "दमलो बाई, जरा पाणी दे." रात्री साडेबाराला मालिकेवाल्यांचा फोन आला, हे काय, प्रेक्षक कन्फ्युज होतील, आणि तिला जरा कोल्हापुरी वाटू दे ना, दोनचार 'नाद खुळा' टाक, तांबडा-पांढरा टाक. मी 'दमले' केलं आणि 'नाद खुळा' टाकलं. आमच्या घरात एकही बाई दिवसातनं एकदाही 'नाद खुळा' म्हणत नाही. मावशी गाजली, तिच्या क्लिपा फिरल्या. मला त्या बघवल्या नाहीत, आणि माझ्या शॉर्ट फिल्मची पहिली ओळ मी त्याच आठवड्यात लिहिली.

गोष्ट साधी आहे. गावातल्या मुलीला पुण्याचं स्थळ बघायला येणार आहे. पुण्यात राहून आलेली चुलत वहिनी तिला आठवडाभर तयार करते, आणि साडी, पोहे, चहा हे सगळं तिला येतंच, तिला शिकवायचं असतं ते एकच, की पाहुण्यांसमोर 'करतो' नाही, 'करते' म्हणायचं. मुलगी शाळेच्या वहीत दोन रकाने करते आणि पाठ करते. गोठ्यात म्हशीसमोर म्हणून बघते. बघण्याच्या दिवशी एकही चूक करत नाही. रात्री म्हस ओरडते तेव्हा ती आतनं हाक देते, "आलो, आलो," आणि दारातच थबकते. चौदा मिनिटं.

लिहायला चार दिवस लागले आणि नीट व्हायला सात महिने. पहिल्या ड्राफ्टमध्ये मुलगी शेवटी वहिनीला सुनावते, मोठं भाषण, आपली भाषा आपला अभिमान. जी मैत्रीण मेसच्या लाईनमध्ये हसली होती असं मी सांगितलं, तिनंच वाचून सांगितलं की ही मुलगी असं बोलणारच नाही, हे तू बोलतीयेस. भाषण काढलं. मग वहिनी फार दुष्ट झाली होती, ते बदलायला सगळ्यात जास्त वेळ गेला. वहिनीला स्वतःला पुण्यात लोक हसलेले आहेत, ती ह्या पोरीला त्यातनं वाचवायला बघतीये, हे मला पाचव्या ड्राफ्टला सापडलं आणि तिथं फिल्म उभी राहिली. मला वाटतं त्या सात महिन्यांतलं माझं खरं काम तेवढंच, वहिनीची बाजू सापडणं.

शूट फेब्रुवारीत, तीन दिवस, आमच्याच गोठ्यात. अकरा जणांचं युनिट, कॅमेरा-लाईट पुण्याहून भाड्यानं, माझ्या साठवणीतले दोन लाख दहा हजार. मुलीचं काम केलं ते कोल्हापुरातल्याच नाटकात काम करणाऱ्या एका मुलीनं, तिला 'आलो' शिकवायला लागलं नाही, 'आले' मात्र तिनं इतकं सांभाळून म्हटलं की मॉनिटरसमोर माझ्या डोळ्यात पाणी आलं. सगळ्यात मोठी अडचण आवाजाची. फिल्म पुरी उभी आहे ती शेवटच्या स्वरावर, 'ओ' की 'ए', तो जर स्पष्ट ऐकू आला नाही तर काहीच उरत नाही, म्हणून डबिंग करायचं नाही, लोकेशनवरचाच आवाज घ्यायचा हे आधीच ठरलेलं. आणि फेब्रुवारीत आमच्याकडं ऊसतोड जोरात. दर दहा मिनिटाला दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जाणार आणि त्याच्यावर मोठ्ठ्यानं गाणी लावलेली. साउंड रेकॉर्डिस्ट हेडफोन काढून नुसता बसून राहायचा. शेवटी आमचे काका रस्त्याच्या वळणावर उभे राहिले आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला हात करून सांगायला लागले की पोरीचं शूटिंग चाललंय, गोठ्याजवळ तेवढं बारीक कर. आणि त्यांनी केलं, तीन दिवस, जवळपास प्रत्येकानं. शेवटचा सीन रात्री दोनला केला, कारखान्याचा भोंगा होऊन गेल्यावर, आणि त्यात म्हशीच्या साखळीचा आवाज आणि पोरीचा श्वास सोडून काही नाही.

मग एडिटला बसल्यावर कळलं की खरी लढाई पुढंच आहे. सबटायटल. फेस्टिव्हलला पाठवायची तर इंग्लिश सबटायटल पाहिजेतच, एका ओळीत चाळीसेक अक्षरं, दोन ओळींच्या वर नाही, आणि माणूस वाचून वर चेहऱ्याकडं बघू शकेल एवढा वेळ. आणि इंग्लिशमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' ह्याला एकच वाक्य. माझी सगळी फिल्म ज्या एका स्वरावर उभी तो स्वर त्या भाषेत नाहीच. कोणी म्हणालं 'आलो'ला चुकीचं व्याकरण वापर, म्हणजे फरक दिसेल. पण मग ती अडाणी दिसणार, आणि ती चूक बोलतच नाहीये, हेच तर सांगायचंय. कोणी म्हणालं तिरकी अक्षरं कर. करून बघितली, काही कळत नाही. तीन आठवडे मी ह्याच्यावर झोपलो नाही नीट. शेवटी शिकवण्याच्या सीनमध्ये आम्ही भाषांतरच केलं नाही. वहिनी म्हणते 'करतो नाही, करते म्हण' तिथं 'करतो' आणि 'करते' हे शब्द रोमन अक्षरांत तसेच ठेवले आणि वहीतले दोन रकाने एक सेकंद जास्त धरले. एकदा बघणाऱ्याच्या कानात 'ओ' आणि 'ए' बसले की पुढं सबटायटल काहीही म्हणू दे, तो ऐकेल, असा विचार.

तो ऐकतो का हे कळलं केरळमध्ये. तिथल्या एका शॉर्ट फिल्म फेस्टिव्हलला फिल्म लागली, मी आईनं दिलेल्या दशम्या घेऊन ट्रेननं गेलो. दुपारचा शो, अर्धं थिएटर. शेवटच्या सीनला तिनं "आलो, आलो" म्हटलं आणि थिएटरमधनं एक बारीक आवाज आला, हसणं नव्हे, कळल्यावर येतो ना तसा. मी खुर्चीचा हात घट्ट धरलेला. बाहेर आल्यावर एक वयस्कर बाई भेटल्या, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या आमच्या मल्याळममध्ये तर क्रियापद कुणासाठीच बदलत नाही, 'ञान वन्नु', मी आलो-मी आले सारखंच, आणि तो आला, ती आली ह्यालाही 'वन्नु'च. म्हणाल्या, म्हणून मला आधी कळेना की ही एवढी धडपड कशासाठी, आणि मग ती वही दाखवलीत तेव्हा मला त्या पोरीची फार दया आली, की एका अक्षरासाठी माणसाला एवढं करायला लागतं. त्यांनी माझा हात धरून हे सांगितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हो, मी हे काम करू शकतो.

त्यानंतर फीचर. तीच मुलगी, लग्नानंतर. नवोदितांसाठी हल्ली वाट अशी असते: स्क्रिप्ट लॅब, म्हणजे जाणकारांबरोबर बसून स्क्रिप्ट घडवायची कार्यशाळा, मग को-प्रॉडक्शन मार्केट, म्हणजे पैसे घालणारे शोधायची जागा, मग निर्माता, मग फंड. गोव्यात इफ्फी, म्हणजे भारताचं आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल, २००४ पासून होतंय आणि त्याच्याच वेळेला २००७ पासून नोव्हेंबरमध्ये पणजीला फिल्म बाजार भरतो, तिथं देशोदेशीचे निर्माते, फेस्टिव्हलवाले येतात आणि आमच्यासारखे फाईल घेऊन फिरतात. पण ह्या वाटेवरचे बहुतेक दरवाजे इंग्लिशमध्ये उघडतात. सिनॉप्सिस इंग्लिश, ट्रीटमेंट इंग्लिश, डायरेक्टर्स नोट इंग्लिश, आणि पुरी स्क्रिप्टसुद्धा इंग्लिश, कारण वाचणारा पॅरिसचा असेल नाहीतर कोचीचा. मी पहिली चूक केली ती ही, की लॅबच्या अर्जासाठी फीचर सरळ इंग्लिशमध्येच लिहायला घेतली. वेळ वाचेल म्हणून. साठ पानं झाली आणि माणसं मरून पडलेली. सासू, नवरा, ही मुलगी, सगळी एकाच स्वच्छ भाषेत मुद्द्याचं बोलत होती. कागलकडची बाई मुद्द्यावर येत नाही, ती आधी पावसाचं बोलते, मग म्हशीचं, मग जाता जाता उंबऱ्यात उभी राहून जे सांगायला आलेली ते सांगते. हे इंग्लिशमध्ये मला येतच नव्हतं. अर्ज नाकारला गेला आणि त्यांचं बरोबर होतं.

ती साठ पानं टाकून दिली. आता मी आधी मराठीतच लिहितो, तेही बोलून. फोनवर रेकॉर्ड करतो, सगळी पात्रं स्वतः, गोठ्यात बसून, मग ते टाईप करतो. स्क्रिप्टची बरीच सॉफ्टवेअरं देवनागरीत नीट चालत नाहीत, एक पान म्हणजे एक मिनिट हे गणितही देवनागरीत बसत नाही, म्हणून साध्या डॉक्युमेंटमध्येच, वेळ घड्याळ लावून मोजतो. आणि मग शेवटी इंग्लिश, अर्जापुरतं, प्रत्येक सीनला वर दोन ओळी लिहून की इथं ही काय बोलतीये आणि काय बोलत नाहीये.

गोव्यात फिल्म बाजाराला गेलो तेव्हा जिथं राहायला होतो तिथल्या काकू त्यांच्या शाळेतल्या नातीबद्दल म्हणाल्या, "तें आयलें." मी दोनदा विचारून घेतलं. कोकणीत लहान मुलीला 'तें' म्हणतात, नपुंसकलिंगी, मोठी झाली की मग 'ती'. चार दिवस मी ओळखपत्र गळ्यात घालून तीन मिनिटांत आपली फिल्म सांगत फिरलो, बऱ्याच जणांनी ऐकलं, दोघांनी ईमेल दिला, पण मला त्या बाजारातनं मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ते काकूंचं वाक्य. फीचरमधल्या नायिकेची नणंद आता गोव्यात दिलेली आहे.

जे लिहायला सुरुवात करतायत त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी मधेच सांगून टाकतो, कारण मला कोणी सांगितल्या नव्हत्या. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे मेंबर व्हा आणि कुणाला वाचायला द्यायच्या आधी स्क्रिप्ट तिथं रजिस्टर करा, ऑनलाईन होतं. त्यानं अमुक तारखेला हे तुमच्याकडं होतं एवढा पुरावा राहतो. नुसत्या कल्पनेवर कॉपीराईट नसतो, सुप्रीम कोर्टानं १९७८ सालीच तसं सांगितलंय, म्हणून 'माझ्याकडं एक आयडिया आहे' असं चहावर सांगत बसू नका, पानं लिहा. आणि कॉपीराईट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं लेखकाला रॉयल्टीचा जो हक्क दिलाय तो करारात लिहून सोडून देता येत नाही, सही करायच्या आधी हे माहीत असू दे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला एका मराठी फिल्मला वर्ल्ड सिनेमा विभागातलं ग्रँड ज्युरी प्राईझ मिळालं, 'साबर बोंडं', रोहन कानवडे ह्यांची पहिली फीचर, आणि ते कुठल्या फिल्म स्कूलमध्ये गेलेले नाहीत. बातमी वाचली तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं. आईला सनडान्स माहीत नाही, ती म्हणाली, "मराठीतच हाय नव्हं? मग झालं की." मला बक्षिसापेक्षा त्यातल्या माणसांचं बोलणं गावचंच राहून तिकडं पोचलं ह्याचा आनंद जास्त झाला, आणि हे लिहितानाही होतोय.

त्या एकेचाळीस लाल खुणांचं काय केलं? वाचणाऱ्याला फोन केला, समजावून सांगितलं. तो नागपूरचा निघाला, त्यानं हे कधीच ऐकलेलं नव्हतं, मनापासून सॉरी म्हणाला आणि अर्धा तास विचारत बसला. स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर आता एक टीप आहे. माझी चिडचिड त्याच्यावर नव्हतीच, कारण तेच लाल पेन मी अकरा वर्षं माझ्याच हातात धरलेलं.

नवा ड्राफ्ट घेऊन गेल्या आठवड्यात घरी आलो. ह्या वेळी आई म्हणाली मला वाचायला दे. ती ओळीखाली बोट ठेवून वाचते, हळू, ओठ हलवत, दोन दिवस लागले, धारा काढून झाल्या की बसायची. मी आत-बाहेर करत होतो. शहाण्णवाव्या पानावर, जिथं नायिका नवऱ्याचं घर सोडून नोकरीसाठी निघते आणि उंबऱ्यात सासूला म्हणते "जातो मी", तिथं आई थांबली. हा 'जातो' मी फार विचार करून ठेवलेला, पुऱ्या फिल्मचा भार त्याच्यावर आहे असं मला वाटत होतं.

"ही जातो कशाला म्हणतीया?" आई म्हणाली. "घरातनं भाईर पडताना जातो म्हणतंय व्हय कोण? येतो म्हणंल की ती."

मी म्हणालो, "अगं पण ती परत येणार नाहीये."

"म्हणून काय झालं. येतोच म्हणंल."

पेन्सिलीनं तिनंच खोडलं आणि वर 'येतो' लिहिलं, मोठ्या अक्षरात, जरा वाकडं. मी ते पान तसंच ठेवलंय. मराठी ड्राफ्टमध्ये बदल झाला, पण इंग्लिश ड्राफ्टमध्ये त्या जागी काय लिहायचं ते चार दिवस झाले सुचत नाहीये, कारण निघून जाणारी बाई 'मी येतो' म्हणते आणि येणार नसते, हे त्या भाषेत कसं म्हणायचं. सोमवारी रात्री बाराला अर्ज बंद होतोय. कुणाला काही सुचलं तर खाली लिहा, मी बघतो.